उघाडी कोणाच्या हातात?

2024 च्या उन्हाळ्यात नवी मुंबईतल्या नेरूळच्या डीपीएस तलावाच्या आसपास रोहित पक्षी (फ्लेमिंगो) मरून पडू लागले. वर्तमानपत्रांत फोटो आले, समाजमाध्यमांवर हळहळ झाली, चौकशी समिती नेमली गेली. त्या फोटोंत एक गोष्ट खटकण्यासारखी होती आणि तिच्याकडे फार कोणी पाहिले नाही. तलावात भराव पडलेला नव्हता. टॉवर उभा राहिला नव्हता, कुंपण सरकले नव्हते. तीस एकरांचा तलाव नकाशावर होता तिथेच, होता तेवढाच होता. त्यातले पाणी मात्र गेले होते. भरतीचे पाणी ज्या वाटांनी आत शिरायचे त्या वाटा जवळच्या जेट्टीच्या कामात बुजल्या होत्या. उरले ते शेवाळ धरलेले डबके आणि तडकलेला चिखल. पक्षी जागा शोधत रस्त्यांवर उतरू लागले.

पाणथळ मारायची असेल तर हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. डंपर लागत नाहीत, त्यामुळे रात्री कोणी व्हिडिओ काढत नाही. अतिक्रमणाचा पंचनामा होत नाही. दोन हंगाम पाणी अडवून ठेवा, तिसऱ्या वर्षी तिथे पोरे क्रिकेट खेळतील आणि चौथ्या वर्षी कोणीतरी अधिकारी प्रतिज्ञापत्रात लिहील की प्रस्तुत जागेवर पाणथळ आढळून येत नाही. उरणजवळच्या पाणजे येथेही स्थानिक मच्छीमारांची आणि पक्षीमित्रांची वर्षानुवर्षांची तक्रार हीच आहे: बांधातली पाण्याची दारे बंद केली, भरती आत येत नाही.

शहरातल्या पाणथळींचा आपला सगळा वाद जमिनीभोवती फिरतो. सर्व्हे नंबर कोणता, मालकी कोणाची, विकास आराखड्यात रंग कुठला, ही जागा व्याख्येत बसते की नाही. हा वाद बिनकामाचा नाही. सीवूड्समधल्या पाणथळीवर घरे आणि गोल्फ कोर्स आणण्याचा घाट उच्च न्यायालयाने 2018 मध्ये रोखला तो याच वादातून. पण जमीन वाचली म्हणजे पाणथळ वाचली, ही समजूत चुकीची आहे. शहरातली पाणथळ ही पाण्याच्या ये-जा करण्याची एक व्यवस्था असते आणि व्यवस्था कोणीतरी चालवावी लागते. संरक्षण जाहीर करायचे आणि चालवायला माणूस नेमायचा नाही, हा आपल्याकडचा रिवाज झाला आहे. माझे भांडण त्या रिवाजाशी आहे.

रोहित पक्षी ठाण्याच्या खाडीत दिवस कसा काढतात ते पाहिले की मुद्दा स्पष्ट होतो. ओहोटी लागली की खाडीच्या दोन्ही अंगांना चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. लहान रोहित तिथे मान खाली घालून चोचीने पाणी गाळत सूक्ष्म शेवाळ खातात. मोठे रोहित चिखलातले बारीकसारीक जीवही टिपतात. मग भरती चढते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार मीटरच्या पुढे जाते. चिखल पूर्ण बुडतो. आता या हजारो पक्ष्यांना पुढची ओहोटी येईपर्यंत उभे राहायला जागा हवी: उथळ, शांत, खाडीपासून फार लांब नसलेली. डीपीएस तलाव, चाणक्य आणि एनआरआय संकुलांमागची पाणथळ, पलीकडे भांडुप उदंचन केंद्राजवळचे (पंपिंग स्टेशनजवळचे) पाणी, या त्या जागा. चोवीस तासांत ही ये-जा दोनदा होते आणि भरतीची वेळ रोज पाऊणएक तास पुढे सरकते. भांगाच्या दिवसांत भरतीचा जोर कमी असतो तेव्हा थोडा चिखल उघडा राहतो, उधाणाला अजिबात नाही. पक्ष्यांना हे पंचांग कोळ्यांइतकेच पाठ असते.

आता सरकारी नकाशा पाहा. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झाले, साधारण 1690 हेक्टरांचे. 2022 मध्ये त्या परिसराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला आणि त्यात 6500 हेक्टरांहून अधिक क्षेत्र आले. कौतुकाचीच गोष्ट. पण अभयारण्याची रेघ खाडीभोवती आहे, म्हणजे पक्षी जिथे जेवतात तिथे. ते जिथे विसावतात त्यांतल्या बऱ्याच जागा रेघेबाहेर राहिल्या. एप्रिल 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाला संवर्धन राखीवचा दर्जा देण्यास मान्यता दिली. एवढ्यासाठी आधी पक्ष्यांना मरावे लागले. आणि या दर्जानंतरही प्रश्न तोच राहतो: उद्या त्या वाटा पुन्हा गाळाने भरल्या तर सकाळी फावडे घेऊन कोण जाणार?

इथे एक अवघड गोष्ट बोलून टाकतो. हे पक्षी मुंबईत मोठ्या संख्येने येऊ लागले ते नव्वदच्या दशकापासून, आणि खाडीतले शेवाळ माजण्यामागे आपल्या सांडपाण्यातून येणाऱ्या पोषकद्रव्यांचा मोठा हात आहे असे अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या गुलाबी थव्यांचे फोटो आपण निसर्गाची देणगी म्हणून पाठवतो त्या थव्यांचे जेवण काही अंशी आपल्या मोऱ्यांतून जाते. यातून सांडपाणी चांगले असा अर्थ कोणी काढू नये. पण माणसाने हात न लावलेला निसर्ग इथे शिल्लक आहे, त्याला कुंपण घातले की झाले, ही कल्पना मात्र सोडून द्यावी लागते.

तसा तो पूर्वीही नव्हता. आज नवी मुंबई आणि उरण पट्ट्यात ज्यांना आपण पाणथळी म्हणतो त्यांतल्या बऱ्याचशा जागा म्हणजे जुनी मिठागरे आणि खारजमिनी. आगरी-कोळी कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या बांध घालून समुद्राकडून मिळवलेली जमीन. बांधात ठरावीक ठिकाणी उघाडी असे: लाकडी झडप, खाडीकडून भरतीचा दाब आला की मिटणारी, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडणारी. भातशेतीला खारे पाणी आत नको, पावसाचे पाणी बाहेर जायला हवे. मिठागराला उलटे, उधाणाचे पाणी आत घ्यायचे आणि उथळ कोंड्यांतून खेळवत आटवायचे. दोन्हीकडे पाणी किती, कधी आणि किती खोल, याचा निर्णय रोज कोणीतरी घेत असे. शेकाट्या, तुतवार, चिखल्या या पक्ष्यांना बोटभर-वीतभर पाणी लागते आणि मिठागराच्या कामाला साधारण तेवढेच लागायचे. पक्ष्यांसाठी कोणी काही केले नव्हते. माणसांच्या कामातच पक्ष्यांची सोय झाली होती.

त्या कामाला पक्की घडी होती. जुन्या कुलाबा जिल्ह्यात शिलोत्री जमिनी होत्या, तिथे बांधांची देखभाल करणाऱ्याला पिकातला ठरलेला वाटा मिळे. गोव्यात खाजन, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या जमिनींवर गावकारीची, म्हणजे गावसंस्थेची सत्ता होती. तिथल्या दाराला मानस म्हणतात. मानसीपाशी मासे धरण्याच्या हक्काची पावणी (लिलाव) होई आणि त्या पैशातून बांधांची डागडुजी चाले. खारे सोसणारे कोरगुट भात पिकायचे ते त्या बांधांच्या भरवशावर. बांध फुटला तर सगळ्या गावाचे शेत खारे होणार हे प्रत्येकाला ठाऊक होते, म्हणून रात्री-अपरात्री माणसे धावत. ही व्यवस्था सोवळी नव्हती, तिच्यात उच्चनीच होते, कुळांचे हाल होते. पण दाराला धनी होता.

1970 मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि पंचाण्णव गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. जमीन गेली तसा दाराचा धनी गेला. कुठे उघाडी कुजली, बांध खचला आणि भरतीने शेत परत घेतले. तिथे पक्षी आले. कुठे भराव पडला. कुठे दार मिटले ते मिटलेच. यातले काहीच पक्ष्यांचा विचार करून झाले नाही. बेवारस मालमत्तेचे जे होते तेच पाण्याचे झाले.

शहर उभे करताना सिडकोने एक शहाणपणाची गोष्ट केली होती, तिच्याबद्दल लिहायला हवे. नवी मुंबईचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. धो धो पाऊस आणि उधाण एका वेळी आले तर शहराचे पाणी खाडीत जाणार कसे? म्हणून डच धर्तीवर धारण तलाव खोदले. भरतीला झडपा मिटतात, पावसाचे पाणी तलावात साठते, ओहोटीला ते खाडीत जाते. म्हणजे उघाडीचेच मोठे भावंड. वाशी, सानपाडा, बेलापूर इथल्या या तलावांमुळे शहराची कित्येक पावसाळ्यांत लाज राखली गेली. पण वर्षानुवर्षे गाळ काढला गेला नाही. गाळ साचला, त्यावर खारफुटी उगवली, आणि खारफुटीला उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आणि नंतर 2018 च्या आदेशांचे कवच आहे. आता महापालिकेला गाळ काढायचा तर झाडे आडवी येतात, परवानग्यांच्या फेऱ्या सुरू होतात, आणि दरम्यान सखल भागांत गुडघाभर पाणी भरते.

या वादात मी महापालिकेच्या अभियंत्यांच्या बाजूने थोडा झुकतो, आणि पर्यावरणवादी मित्रांना ते आवडत नाही. त्यांची भीती खोटी नाही. गाळ काढण्याच्या नावाखाली अख्खा तलाव साफ करून काठाला काँक्रीटची भिंत बांधण्याचा इतिहास आपल्याकडे भरपूर आहे. पण धारण तलावात उगवलेले प्रत्येक तिवर, म्हणजे खारफुटीचे झाड, पवित्र मानले तर तलाव हळूहळू जंगल होतो आणि उथळ पाणी संपते. मग तिथे ना पूर मावतो ना शेकाट्या उतरतो. हेच खुद्द ठाणे खाडीत चालले आहे. गाळामुळे कडेचा भाग उंचावतो, त्यावर खारफुटी पसरते आणि चिखलाचा उघडा पट्टा अरुंद होत जातो. रोहितांना झाड नको असते, चिखल हवा असतो.

कायद्याला हे कसे दिसावे? झाड दिसते, मोजता येते, तोडले तर बुंधा उरतो. 2012 पासून राज्यात स्वतंत्र कांदळवन (खारफुटी) कक्ष आहे आणि त्याने चांगले काम केले आहे. चिखलाला असा कोणी वाली नाही. चिखलाच्या बाजूने मोर्चा निघत नाही, शाळेतली मुले चिखलारोपण करत नाहीत. एखाद्या उद्योगसमूहाला सामाजिक बांधिलकी दाखवायची असली की तो दहा हजार रोपे लावतो, आणि ती कधी कधी नेमकी ज्या उघड्या चिखलावर पक्षी उतरायचे त्यावरच लावली जातात. खारफुटी कुठे वाढू द्यायची, कुठे थोपवायची, हे ठरवण्याचे धाडस वनखात्याने शास्त्रीय पाहणीच्या आधारे आणि न्यायालयाला विश्वासात घेऊन करायला हवे. 'सर्वत्र जपा' हा आदेश सोपा असतो, कारण त्यात कोणाला डोके वापरावे लागत नाही.

सुशोभीकरणाबद्दल थोडक्यात. तलाव खोल करणे, काठ दगडांनी बांधणे, कडेने धावपट्टी, मध्ये कारंजे आणि रात्री रंगीत दिवे, हे पक्ष्यांच्या दृष्टीने भरावापेक्षा फार वेगळे नाही. खोल पाण्यात पाणकावळा पोहेल, चिखल्याला पाय टेकायला जागा उरणार नाही. नगरसेवकाला उद्घाटनाची पाटी लावता येते एवढाच त्यातला लाभ.

आता आक्षेपांकडे येतो. त्यांतला एक मला खरोखर गंभीर वाटतो. गावठाणांतले लोक म्हणतात, आमची शेते गेली, मिठागरे गेली, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी चपला झिजल्या, जानेवारी 1984 मध्ये जमिनीच्या आंदोलनात उरण तालुक्यात आमची पाच माणसे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली. आणि आता पाम बीच रोडवरच्या टॉवरमधली मंडळी दुर्बिणी घेऊन आम्हाला पक्षी वाचवायला सांगतात. या बोलण्यातला राग समजून घेतल्याशिवाय पाणथळीचे राजकारण पुढे जाणार नाही. पाणथळ जर फक्त काठावरच्या सदनिकांचा दर वाढवणार असेल, तर ती वाचवण्यात कोळीवाड्याने का पडावे? पण पाणजेसारख्या ठिकाणी पाणी अडले तेव्हा पोटावर पाय पडला तो मासेमारांच्या. जिताडा, कोळंबी, चिंबोरी यांना भरती लागते, रोहितांनाही भरती लागते. या दोन गरजा एकच आहेत, आणि दुर्बिणवाल्यांनी त्या एकत्र मांडल्या असत्या तर त्यांच्या मागे अधिक माणसे उभी राहिली असती.

विमानांचा आक्षेपही हलका नाही. मे 2024 मध्ये मुंबईत उतरणाऱ्या विमानाची घाटकोपरवर थव्याला धडक बसून जवळपास चाळीस रोहित मेले. ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. मग आसपासची पाणथळ बुजवून टाकणे सुरक्षित, असे म्हणणारे भेटतात. पण पक्षी जागा मोडली म्हणून नाहीसे होत नाहीत, ते दुसरीकडे उतरतात, आणि कुठे ते आपल्याला आधी कळत नाही. ठरलेल्या जागा शाबूत असतील तर थव्यांच्या वाटा आणि वेळा भरतीच्या कोष्टकावरून सांगता येतात. त्या मोडल्या तर धावपट्टीजवळचे सपाट पाणी त्यांना तितकेच आवडेल. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) अभ्यासकांनी हा इशारा दिलेला आहे. डासांचा आक्षेप तर उलटाच लागू पडतो: भरती-ओहोटीचे खेळते पाणी आणि त्यातले मासे असताना डास फोफावत नाहीत, पाणी अडवून डबके केले की फोफावतात.

कायद्याची अवस्था काय आहे? 2017 च्या पाणथळ नियमांत भराव, बांधकाम, कचरा, सांडपाणी यांना मनाई आहे. त्यातून भातशेती वगळली आहे, मिठासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली पाणथळही वगळली आहे. मुंबईच्या परिसरात ही वगळणूक किती मोठी पडते ते मिठागरांच्या वाटेला गेल्यावर कळते. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या उपग्रह नोंदीतल्या दोन लाख एकतीस हजारांहून अधिक पाणथळींची जमिनीवर जाऊन पडताळणी आणि सीमांकन करण्यास राज्यांना सांगितले. मोजणी व्हायलाच हवी. पण मोजणी ही सातबारा काढण्यासारखी आहे. सातबारा निघाला म्हणून शेत पिकत नाही.

मला हवे आहे ते फार भव्य नाही. प्रत्येक शहरी पाणथळीसाठी एक पाण्याचे वेळापत्रक लेखी हवे: कोणत्या महिन्यात पातळी किती, कोणते दार उघडे, कोणते मिटलेले, वाहत्या वाटांचा गाळ कधी काढायचा. पातळी दाखवणारी मोजपट्टी काठावर, सगळ्यांना दिसेल अशी. दाराशी फलक, त्यावर जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि कार्यालयाचा दूरध्वनी. जवळ कसलेही बांधकाम निघाले की प्रवाह अडणार नाही याची हमी आधी, काम नंतर. आणि रोजच्या देखरेखीसाठी गावातलेच लोक, पगारावर किंवा मासेमारीच्या हक्काच्या बदल्यात. आज सिडको महापालिकेकडे बोट दाखवते, महापालिका वनखात्याकडे, वनखाते सागरी मंडळाकडे. चार मालक असलेल्या दाराची बिजागरी कोणीच तेलवत नाही.

हे स्वप्नरंजन आहे असे वाटत असेल तर कोलकात्याच्या पूर्वेला पाहावे. तिथल्या साडेबारा हजार हेक्टरांच्या पाणथळींत शहराचे सांडपाणी उथळ मत्स्यतळ्यांत (भेरींत) घेतले जाते, ऊन, शेवाळ आणि मासे मिळून ते साफ करतात आणि तेच मासे शहराच्या ताटात जातात. ध्रुबज्योती घोष या सरकारी अभियंत्याने ऐंशीच्या दशकात ही गोष्ट जगापुढे मांडली. त्यांना तिथे नवे काही उभारावे लागले नाही. मच्छीमार जे करत होते त्याला त्यांनी नाव आणि हिशेब दिला. 2002 मध्ये ते रामसर स्थळ झाले. तिथेही बिल्डर आहेत, तिथेही भराव पडतो. तरी ते अजून टिकून आहे, कारण रोज सकाळी पाण्याची पातळी पाहणारी हजारो माणसे तिथे पोट भरतात.

यावर पालिकेतले अनुभवी लोक एक रोकडा प्रश्न विचारतात: धारण तलाव पुरासाठी रिकामा ठेवायचा की पक्ष्यांसाठी भरलेला? ठाण्याच्या खाडीपुरते बोलायचे तर निसर्गाने इथे आपल्यावर मोठी मेहरबानी केली आहे. रोहित आणि बहुतेक पाहुणे पक्षी हिवाळ्यापासून मेअखेरपर्यंत असतात. जूनचा पहिला दमदार पाऊस पडेपर्यंत रोहितांचे बहुतेक थवे कच्छच्या दिशेने गेलेले असतात. पुराचे चार महिने आणि पक्ष्यांचे सात महिने एकमेकांत फारसे मिसळत नाहीत. जून ते सप्टेंबर दारांचा हुकूम पूरनियंत्रणाचा, पातळी शक्य तितकी खाली. ऑक्टोबरात वाटांची सफाई, मग दिवाळीनंतर भरती आत घ्यायची आणि वीतभर पाणी राखायचे. मे संपताना पुन्हा उपसा. गाळही सगळा एकदम न काढता दर वर्षी तलावाचा एखादा भाग घ्यायचा, म्हणजे बाकीच्या भागातला चिखल आणि त्यातले जीव शाबूत राहतात.

अडचण येते ती गोड्या पाण्याच्या तलावांत. कमळपक्षी आणि जांभळी पाणकोंबडी ऐन पावसाळ्यातच घरटी करतात, तीही पाण्यावर किंवा पाण्यालगत, आणि पातळी एका रात्रीत हातभर खाली गेली की अंडी कोरडी पडून कावळ्यांच्या तावडीत सापडतात. अशा तलावांना खाडीकाठचे वेळापत्रक लावून चालणार नाही. तिथे जुलैत पाणी झटक्यात सोडायचे नाही, सोडावेच लागले तर थोडे थोडे सोडायचे, हा नियम वेगळा लिहावा लागेल, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायला तिथेही एक माणूस लागेल.